दाल मिल, आडत आणि बहिणीचा हिस्सा

जानेवारीत लातूरच्या मार्केट यार्डात तुरीची आवक वाढते. दाल मिलवाल्यांना वर्षाचा धंदा याच दोन-तीन महिन्यांत बांधायचा असतो. नेमक्या त्याच आठवड्यात धाकट्या भावाने एमआयडीसीतल्या मिलच्या गोदामाला नवं कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी थोरल्याने बँकेला पत्र दिलं, की भागीदारांत वाद आहे, आमच्या दोघांच्या सह्यांशिवाय खात्यातून एक रुपयाही जाऊ देऊ नका. असं पत्र गेलं की कुठलीही बँक जे करते तेच या बँकेनं केलं. कॅश क्रेडिट खातं, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी उचल घ्यायचं कर्जखातं, थांबवलं. मिलला माल उचलायला पैसा नाही, दुकानावर शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशासाठी, उभे, आणि व्याजाचं मीटर चालूच. नव्वद दिवस असंच गेलं असतं तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकलेलं कर्ज, झालं असतं. मग भावाभावांचं भांडण बाजूला राहून बँकच दारात आली असती.

हे प्रकरण माझ्याकडे दिवाणी न्यायालयाच्या पॅनेलवरचा मध्यस्थ म्हणून आलं. मध्यस्थीत बोललेलं बाहेर जात नाही, हा या कामाचा पायाच आहे. त्यामुळे इथे कुणाचंही नाव नाही. दोघे भाऊ, बहीण आणि आई अशा चौघांच्या संमतीने लिहितो आहे, आणि आकडे, साल व काही तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत. वादाची रचना मात्र जशी होती तशीच ठेवली आहे, कारण शिकण्यासारखं तिच्यातच आहे.

फर्म आणि घर

अप्पांचं यार्डात भुसाराचं दुकान होतं. आडत, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणं, चालायची, जोडीला खरेदीही. पुढे मिल टाकली. 2008 साली दोन मुलांना घेऊन भागीदारी करारनामा केला: अप्पा 40 टक्के, मुलं 30-30 टक्के. थोरला दुकान बघायचा, धाकटा मिल. मधली बहीण लग्न होऊन परभणीला. औसा तालुक्यात वडिलोपार्जित जमीन, लातुरात घर.

करारनाम्यात लवादाचं कलम होतं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी आपण नेमलेल्या पंचाने निकाली काढायचा, आणि ते वाचण्यासारखं होतं. टायपिस्टने कुठल्या तरी जुन्या मसुद्यावरून उतरवलेलं: वाद झाल्यास 1940 च्या कायद्याप्रमाणे मामांचा निर्णय अंतिम राहील. 1940 चा कायदा 1996 च्या लवाद आणि सलोखा कायद्याने रद्द झाला. म्हणजे हा करारनामा झाला तेव्हा त्याला बारा वर्षं होऊन गेली होती. कायद्याचं नाव चुकलं म्हणून लवादाचा करार मरत नाही. वाद लवादाकडे न्यायचा इरादा लेखी दिसला की पुरतं. खरी अडचण मामांची होती. थोरल्याची बायको ही मामांचीच मुलगी. मामाची मुलगी करणं आपल्याकडे इतकं सवयीचं, की सही करताना कुणाच्या मनातही आलं नाही की पंच एका बाजूचे सासरे आहेत.

भांडणाचं बी मात्र अप्पा हयात असतानाच पडलं होतं. 2015 च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किरकोळीत किलोला दोनशे रुपयांवर गेली होती. त्या तेजीत धाकट्याने कर्ज काढून कलर सॉर्टर (रंगावरून डाळ निवडणारं यंत्र) बसवला, वर चढ्या भावाने माल भरला. पुढच्याच हंगामात अमाप तूर आली. हमीभाव 5,050 रुपये असताना यार्डात त्याच्याही खाली सौदे झाले आणि साठवलेला माल अंगावर आला. थोरल्याचं म्हणणं, "म्या नको म्हणलो होतो." धाकट्याचं म्हणणं, अप्पांनी हो म्हटलं होतं. 2018 ला अप्पा गेले आणि त्यांनी हो कुणाला म्हटलं होतं हे सांगणारं कुणी उरलं नाही.

भागीदार वारला की भागीदारी कायद्याप्रमाणे फर्म संपते, पण करारात वेगळं लिहिता येतं. इथे लिहिलं होतं, म्हणून फर्म चालू राहिली. ताळेबंदात दर वर्षी एक ओळ मात्र तशीच छापून येत होती: कै. अप्पांचं भांडवल खातं, 48 लाख. सीए ती ओळ पुढच्या वर्षात ओढत होता आणि दोघे भाऊ त्याखाली सह्या करत होते.

पंचांचा कागद

कोर्टात जायच्या आधी बैठक झाली. भावकीतले चार, यार्डातले दोन वजनदार व्यापारी आणि मामा. दिवसभर बोलणं झालं. रात्री शंभराच्या स्टॅम्पवर तडजोडपत्र लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. मिल धाकट्याची, दुकान थोरल्याचं, "बाकी हिशोब नंतर". बहिणीला बोलावलंच नव्हतं. आई आतल्या खोलीत होती.

महिन्याभरात कागद फाटला, म्हणजे खरोखरचा नाही, व्यवहारात. "बाकी हिशोब" या दोन शब्दांतच सगळा वाद होता. पुढे थोरल्याच्या वकिलांनी हाच कागद लवादाचा निवाडा म्हणून पुढे केला. तो निवाडा नव्हताच. लवाद दोन्ही बाजूंची कैफियत घेतो, पुरावा बघतो, आणि कारणं द्यायची नाहीत असं पक्षांनी ठरवलेलं नसेल तर कारणं लिहितो. त्या रात्री यातलं काहीच झालं नव्हतं.

पंचांना नावं ठेवायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. यार्डातल्या दोन व्यापाऱ्यांचा शब्द भावांवर चालत होता, तितका कुठल्याही वकिलाचा चालला नसता. घोटाळा एवढाच, की त्या बैठकीत तीच माणसं दुःख ऐकत होती, सल्ला देत होती, दटावत होती आणि शेवटी निकालही लावत होती. निकाल देणार आहे हे ठाऊक असलेल्या माणसापुढे कोणी मनातलं बोलत नाही. त्याच्यापुढे माणूस बाजू मांडतो.

कोर्टात अडकलेली गाठ

थोरल्याने लातूरच्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा टाकला. त्यात दुकान, मिल, घर, जमीन सगळं होतं, आणि भाऊ, आई, बहीण प्रतिवादी. धाकट्याने लवादाची नोटीस काढली. दाव्यात कैफियत (लेखी उत्तर) देण्याआधीच लवाद कायद्याच्या कलम 8 खाली अर्जही दिला, की भागीदारीचा वाद लवादाकडे पाठवा. हा अर्ज कैफियतीनंतर दिला तर चालत नाही, त्यामुळे त्याच्या वकिलांनी वेळ अचूक साधली होती.

इथून पुढे जो कायद्याचा प्रश्न उभा राहिला, तो तीन वर्षं सहज खाऊ शकला असता. भागीदारी करारावर सह्या फक्त अप्पांच्या आणि दोन भावांच्या. आई आणि बहीण त्यात नाहीत. जमीन आणि घर तर फर्मचंच नाही. सुकन्या होल्डिंग्ज प्रकरणात 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की एकाच दाव्याचे तुकडे करून अर्धा लवादाकडे, अर्धा कोर्टात असं करता येत नाही. 2015 च्या दुरुस्तीने कलम 8 बदललं आणि कोर्टाचा कल लवादाकडे वळला. दोन्ही वकिलांकडे बोलायला भरपूर होतं. थोरल्याच्या बाजूने फसवणुकीचा आरोपही होता. पण नुसता फसवणुकीचा आरोप केला म्हणून लवाद टळत नाही, हे 2016 साली अय्यासामी प्रकरणात ठरलेलं आहे. तो वादही भावांच्या हॉटेल भागीदारीचाच होता. लवाद नेमण्यावर एकमत झालं नसतं तर अर्ज उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेला असता. तिथे मामांच्या नेमणुकीवर वेगळी लढाई. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत जवळचं नातं म्हणजे जोडीदार, भावंड, अपत्य, आईवडील. सासरा त्यात शब्दशः बसत नाही. पण निःपक्षपातीपणाबद्दल सबळ शंका या कारणावर आक्षेप घेता येतो, आणि तो घेतला गेलाच असता.

न्यायाधीशांनी कलम 8 च्या अर्जावर निर्णय देण्याआधी दोन्ही वकिलांना विचारलं, की आधी मध्यस्थीला पाठवू का? 2010 च्या अ‍ॅफकॉन्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने घरातल्या वाटण्या आणि भागीदारांचे वाद मध्यस्थीला योग्य म्हणून सांगितले आहेत. कोर्टाला अशा प्रकरणात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली पक्षकारांची संमती नसतानाही मध्यस्थीला पाठवता येतं. लवादाकडे पाठवायला मात्र सगळ्यांची संमती लागते. दोघांचे वकील शहाणे होते. अर्ज राखून ठेवून ते मध्यस्थीला तयार झाले. (आज कुणी निव्वळ भागीदारीच्या पैशाचा, तीन लाखांवरचा व्यापारी दावा टाकणार असेल आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थी करावीच लागते. पाटील ऑटोमेशन निकालानंतर 20 ऑगस्ट 2022 पासून त्याशिवाय दावा फेटाळला जातो. आमचा दावा वाटपाचा होता म्हणून तो या चाळणीतून गेला नव्हता.)

आधी कुलूप

पहिल्या बैठकीत मी हिशोब काढू दिला नाही. दोघेही फायलींच्या पिशव्या घेऊन आले होते, थोरल्याने तर मुनीमही आणला होता. मी एवढंच विचारलं, की या हंगामात मिल चालवायची आहे का? दोघे हो म्हणाले. इतक्या महिन्यांत दोघांचं एकमत झालेलं ते पहिलं वाक्य.

दोन तासांत एक तात्पुरता करार झाला. गोदामाची एक किल्ली मुनीमाकडे. बँकेत दोघांच्या सह्या, पण ठरलेल्या रकमेपर्यंत शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि हमालीसाठी एकाची सही चालेल. घरखर्चाची उचल दोघांना सारखी. चुणी (डाळ भरडताना उरणारा चुरा) आणि भुशाची विक्री फक्त बिलावर. यातलं काहीही अंतिम हक्काबद्दलचा कबुलीजबाब धरायचं नाही, असं शेवटी लिहिलं, आणि माझ्या मते तीच ओळ सगळ्यात कामाची ठरली. बँकेच्या शाखाधिकाऱ्याला तो कागद दाखवल्यावर खातं चालू झालं.

चुणीचा हिशोब

थोरल्याचा मोठा आरोप असा: एका हंगामात धाकट्याने साडेसोळा लाखांची चुणी रोखीत विकून खाल्ली. धाकट्याचं उत्तर एकच, "माझ्यावर चोरीचा आळ घेतला." या दोन वाक्यांवर ते दोन वर्षं बसले होते.

मी दोघांच्या संमतीने एक तटस्थ सीए नेमला. दोघांचाही नाही, लातूरचाही नाही, नांदेडचा. त्याला प्रश्न मोजकेच दिले आणि लेखी दिले. आणि आधीच ठरवलं, की मध्यस्थी फिसकटली तरी हा अहवाल पुढे लवादापुढे दोघांनाही वापरता येईल. हे मुद्दाम लिहून घ्यावं लागतं. एरवी मध्यस्थीत तयार झालेला कागद पुढे वापरता येत नाही, आणि मग त्याच हिशोबाचे पैसे दोनदा मोजावे लागतात.

सीएने वजनकाट्याच्या पावत्या काढल्या. हंगामात मिलमध्ये 8,000 क्विंटल तूर गेली होती. थोरल्याचं गणित साधं होतं. क्विंटलला सत्तर किलो डाळ निघते, उरलेले तीस किलो म्हणजे चुणी-भुसा. म्हणजे 2,400 क्विंटल. वहीत विक्री 1,300 क्विंटलची. फरक 1,100 क्विंटल, दीड हजार रुपये भावाने साडेसोळा लाख. आयुष्यभर दुकानावर बसलेल्या माणसाचं हे गणित. मिलमध्ये तुरीचा ओलावा उडतो, खडा-माती चाळणीत जाते, धूळ पंख्यातून बाहेर पडते. त्या मिलच्या मागच्या हंगामांची सरासरी बघितली तर डाळ 72, चुणी-भुसा 22 आणि घट 6 किलो. त्या हिशोबाने 1,760 क्विंटल निघायला हवी होती. फरक 460 क्विंटल, म्हणजे सहा लाख नव्वद हजार. त्यातल्या चार लाख दहा हजारांच्या चिठ्ठ्या निघाल्या: रोलरचं काम, पट्टे, दिवाळीला हमालांना दिलेली बक्षिशी. मिलच्या मेस्त्रीच्या हातच्या, तेल लागलेल्या चिठ्ठ्या, एका बिस्किटाच्या डब्यात. उरले दोन लाख ऐंशी हजार.

थोरला तो कागद बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "घट धरलीच नव्हती म्या." धाकट्याने दोन ऐंशी आपल्या नावे टाकायला हरकत घेतली नाही. साडेसोळा लाखांचा आळ गेला होता आणि त्याला तेवढंच हवं होतं.

बहिणीचा हिस्सा

सीएला दिलेला दुसरा प्रश्न होता अप्पांच्या 48 लाखांचा. इथे एक गोष्ट दिसली जी दाव्यात किंवा लवादाच्या नोटिशीत कुठेच नव्हती. भाऊ प्रत्येक गोष्टीवर एकमेकांच्या विरोधात होते, पण अप्पांचं भांडवल आपल्या दोघांत अर्धं-अर्धं, यावर दोघांचं न बोलता एकमत होतं.

अप्पांचं भांडवल अप्पांचं स्वतःचं. मृत्युपत्र नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे विधवा, दोन मुलं आणि मुलगी, चौघांना सारखा वाटा. प्रत्येकी 12 लाख. शिवाय हिशोब न चुकवता उरलेले भागीदार त्याच भांडवलावर धंदा करत राहिले, तर भागीदारी कायद्याचं कलम 37 वारसांना पर्याय देतं: त्या भांडवलाच्या वाट्याचा नफा, नाहीतर वर्षाला सहा टक्के व्याज. पाच वर्षांचं व्याज धरलं तर बहिणीचे तीन लाख साठ हजार आणखी.

जमिनीचंही तसंच. वडील 2005 च्या दुरुस्तीनंतर वारले की आधी, हा घोळ विनीता शर्मा निकालाने 2020 साली मिटला. मुलगी जन्मानेच सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच वाटेकरी. आपल्याकडच्या मिताक्षर या हिंदू कायद्याच्या पद्धतीत वाटपात आईलाही वाटा मिळतो, म्हणून आधी पाच वाटे, मग अप्पांच्या पाचव्या वाट्याचे पुन्हा चार. गणित फिरून चौथाईवरच येतं.

बहीण संयुक्त बैठकीत भावांच्या समोर बसून म्हणाली, "मला काय नको. फकस्त येणं-जाणं राहू द्या." थोरल्याच्या पिशवीत हक्कसोडपत्र टाईप करून तयार होतं. धाकट्याला ते माहीत होतं.

स्वतंत्र बैठकीत ती बराच वेळ मुलीच्या शिक्षणाबद्दल बोलली. नंतर एक प्रश्न विचारला: "घेतलं तर माहेर तुटतं म्हणतेत. नाही घेतलं तर राहील, ह्याची हमी कोण घेणार?" मध्यस्थाला यावर उत्तर देता येत नाही. तिचा हक्क किती, तिने तो सोडावा की धरावा, हे मी सांगायला लागलो तर मी मध्यस्थ उरत नाही. पण काहीच न बोलता तिची सही होऊ देणं म्हणजे भावांच्या बाजूला जाऊन बसणं. म्हणून मी बैठक थांबवली आणि तिला स्वतःचा वकील घ्यायला सांगितलं. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 मध्ये ते स्पष्ट आहे, आणि चांगल्या घरच्या बायकांना हे बहुधा माहीतच नसतं. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या एक वकील बाई तिच्यासाठी आल्या.

भाऊ चिडले. मध्यस्थ भांडण वाढवतोय, असं थोरल्याने त्याच्या वकिलांना सांगितलं. पुढची बैठक त्याने चुकवली. त्यानंतरची घडवून आणली ती आईने, स्वतः रिक्षाने येऊन. तिचं बोलणं चार वाक्यांचं होतं आणि त्यातलं एकच कामाचं: "अप्पाचा पैसा हाय. लेकीला दिल्याबिगर तुमाला पुरंल का?"

बहिणीने शेवटी अप्पांच्या भांडवलातला वाटा व्याजासकट घेतला, पंधरा लाख साठ हजार. दोघा भावांनी निम्मे-निम्मे, चार हप्त्यांत. हप्ता चुकला तर ती कोर्टात वसुलीची दरखास्त लावू शकेल, असं तडजोडीतच घातलं. जमिनीवरचं नाव तिने काढू दिलं नाही. हक्कसोडपत्र थोरल्याच्या पिशवीतच राहिलं. आईने आपले 12 लाख व्याजासकट स्वतःच्या नावावर ठेव म्हणून ठेवून घेतले, घरात हयातभर राहण्याचा हक्क लिहून घेतला.

पाटी आणि बारदाना

दुकान थोरल्याला, मिल तिच्या कर्जासकट धाकट्याला, हे पंचांच्या कागदात होतंच. आता त्याला आकडे मिळाले होते. बँकेला बैठकीत बोलावणं आवश्यक होतं. मिलच्या कर्जाला थोरल्याची वैयक्तिक हमी होती, आणि भावाभावांनी आपसात काहीही लिहिलं तरी बँकेने सोडल्याशिवाय हमी सुटत नाही. म्हणून तडजोडच बँकेच्या ना-हरकतीवर अवलंबून ठेवली. भागीदाराला फर्मची मालमत्ता देताना 2021 पासून फर्मवर कर बसू शकतो, तोही सीएकडून आधी काढून दोघांत वाटला. नाहीतर तो दोन वर्षांनी नोटिशीच्या रूपात येतो.

एवढं झाल्यावर प्रकरण अडलं ते नावावर. दुकानाच्या पाटीवर अप्पांचं नाव, आणि मिलच्या डाळीच्या कट्ट्यांवर त्याच नावाचा छाप. हैदराबादपर्यंतचे व्यापारी छाप बघून माल उचलतात. थोरला म्हणाला नाव दुकानाचं. धाकटा म्हणाला, कट्ट्यावरचा छाप गेला तर मिल विकलेलीच बरी. सगळे आकडे जुळलेले असताना या एका मुद्द्यावर तीन आठवडे गेले. तोडगा यार्डातल्या त्याच दोन व्यापाऱ्यांनी सुचवला, ज्यांनी आधीच्या बैठकीत निकाल लावला होता. या वेळी ते फक्त सुचवायला आले होते. पाटी थोरल्याची, आडतीपुरती. छाप धाकट्याचा, डाळीपुरता. थोरल्याने त्या नावाने डाळ बांधायची नाही, धाकट्याने त्या नावाने यार्डात गाळा घ्यायचा नाही. दोघांच्या मुलांनाही ते बांधील.

जे मिटलं नाही

थोरल्याच्या बायकोच्या नावे 2020 साली घेतलेला प्लॉट तसाच राहिला. धाकट्याचं म्हणणं, 42 लाख फर्मच्या खात्यातून गेले. थोरला म्हणे, ती माझी उचल होती. यावर दोघेही हलेनात. दोघांनी मलाच सांगितलं, आता तुम्हीच काय तो निकाल द्या. मी नाही म्हटलं. स्वतंत्र बैठकांत दोघांनी मला जे विश्वासाने सांगितलं होतं, ते डोक्यात घेऊन न्यायाच्या खुर्चीत बसता येत नाही.

मामांनी स्वतःहून लेखी दिलं, की आपण पंच राहत नाही. "माझी लेक तिकडं हाय, म्या काय बोलणार?" दोघांनी मिळून एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांना एकमेव लवाद नेमलं, आणि हा एकच मुद्दा लवाद कायद्याच्या कलम 29ब च्या जलद पद्धतीने, म्हणजे कागदांवर आणि सहसा तोंडी सुनावणीशिवाय, सहा महिन्यांत निकाल असा सोपवला. लवादाला प्लॉटच्या मालकीबद्दल काही ठरवता येणार नव्हतं. थोरल्याची बायको भागीदार नव्हती, लवादाच्या करारात नव्हती. प्रश्न एवढाच: फर्मचे किती पैसे थोरल्याने परवानगीशिवाय काढले?

मध्यस्थीला पक्षकारांना काही लागलं नव्हतं. लवादाला लागलं. लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीप्रमाणे 42 लाखांच्या वादाला 97,500 रुपये अधिक वीस लाखांवरच्या रकमेच्या तीन टक्के, एकमेव लवाद असेल तर त्यावर पंचवीस टक्के जादा: दोन लाख चार हजार तीनशे पंचाहत्तर. धाकट्याला ते खुपलं. पण हाच मुद्दा दाव्यात राहिला असता तर बाकी सगळी तडजोड त्याच्यासाठी लटकली असती.

निवाड्यात 12 लाख थोरल्याच्या नावे आधीच उचल म्हणून पडलेले निघाले. उरलेले 30 लाख परवानगीशिवाय. आई आणि बहिणीने नफ्याऐवजी सहा टक्क्यांचा पर्याय घेतल्यामुळे अप्पांनंतरच्या फर्मच्या पैशात वाटेकरी हे दोघेच होते. म्हणून थोरल्याने धाकट्याला 15 लाख नऊ टक्के सरळव्याजाने द्यावेत, असा आदेश झाला. निवाडा आव्हान द्यायची तीन महिन्यांची मुदत गेली. थोरल्याने अर्ज केला नाही. रक्कम त्याने दोन टप्प्यांत दिली, व्याजासकट.

बाकीची तडजोड कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23 नियम 3 खाली नोंदवून हुकूमनामा झाला. धाकट्याने मिलची नवी भागीदारी केली तेव्हा लवादाचं कलम स्वतः वाचून घेतलं. आधी साठ दिवस मध्यस्थी, मग दोघांनी मिळून नेमलेला, नात्यात नसलेला एकमेव लवाद, ठिकाण लातूर, कायदा 1996 चा. टायपिस्टला त्याने जुना मसुदा वापरू दिला नाही.

जमिनीचं काम अजून चालू आहे. शेतसाऱ्याच्या जमिनीचं वाटप हुकूमनाम्याने ठरलं, तरी प्रत्यक्ष वाटे पाडायचे ते जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, त्याच संहितेच्या कलम 54 प्रमाणे. तहसील, भूमी अभिलेख, मोजणी असा तो कागद फिरतो आहे. तोपर्यंत जमीन बटईने दिली आहे. बटईदार आईकडे पैसे आणून देतो, आई चार वाटे करते, बहिणीचा वाटा परभणीला जातो. विहिरीच्या पाळीवरून मागच्या रब्बीत दोघा भावांत पुन्हा आवाज चढला होता. धाकट्याला हरभऱ्याला पाणी हवं होतं, थोरल्याला ज्वारीला. नोटीस मात्र अजून कुणी कुणाला दिलेली नाही.